नॅशव्हिल विद्यार्थी सत्याग्रह

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल येथे मुख्यतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वांशिक विलगीकरणाविरुद्ध १९६० मध्ये केलेले अहिंसक आंदोलन. दक्षिणेकडील राज्यांत शाळा, वाहने, उपाहारगृहे इत्यादींत कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवण्याची प्रथा होती. नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांत त्यांना माल विकत घेता येई. तथापि त्याच दुकानांच्या उपाहारकक्षांत बसून खाण्यास मज्जाव असे. या विसंगतीवरच विद्यार्थ्यांनी बोट ठेवले.

आंदोलनाचे प्रशिक्षक जेम्स लॉसन (१९२८–२०२४) यांचा विदर्भाशी निकटचा संबंध होता. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीस नकार दिल्याबद्दल कारावास भोगल्यानंतर मेथडिस्ट पंथाचे धर्मसेवक म्हणून ते १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आले. तेथील सु. तीन वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहतंत्राचा अभ्यास केला. माँटगोमेरी येथील बस-बहिष्काराची वार्ता त्यांना नागपुरातच वृत्तपत्रातून कळली. मायदेशी परतल्यावर १९५७ मध्ये त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. दक्षिणेत येण्याच्या किंग यांच्या आग्रहास अनुसरून ते नॅशव्हिल येथे गेले व व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्राचे अध्ययन करू लागले.

लॉसन यांच्या वर्गांत डायॅन नॅश, जॉन लूइस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लफायेट इ. विद्यार्थी येत. तेथे तत्त्वविवेचनाबरोबर प्रत्यक्ष सरावही होई. काही विद्यार्थी हल्लेखोरांची भूमिका घेऊन शिवीगाळ व धक्काबुक्की करीत. इतरांनी प्रतिकार न करता जागेवर बसून राहावयाचे असे. अहिंसा ही केवळ मनोवृत्ती नसून शिस्तीने कमवावयाचे कौशल्य आहे, ही यामागील धारणा होती.

१९५९ च्या अखेरीस दोन दुकानांत चाचणी घेण्यात आली. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थ्यांनी बैठा सत्याग्रह केला. त्यानंतर १३ फेब्रुवारीस नॅशव्हिलच्या शंभराहून अधिक विद्यार्थ्यांनी तीन दुकानांतील उपाहारकक्षांत ठाण मांडले. २७ फेब्रुवारीस त्यांच्यावर हल्ले झाले. पोलिसांनी मात्र सु. ८० सत्याग्रहींनाच अटक केली. एक तुकडी पकडली जाताच दुसरी तिची जागा घेई. अनेकांनी दंड भरण्याऐवजी तुरुंगवास पत्करला. मार्चमध्ये लॉसन यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. कृष्णवर्णीय नागरिकांनी शहराच्या मध्यभागातील दुकानांवर बहिष्कार घातल्याने व्यापाऱ्यांना आर्थिक झळ पोहोचली.

१९ एप्रिल रोजी सत्याग्रहींचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. त्याच दिवशी हजारो लोकांचा मूक मोर्चा नगरभवनावर गेला. तेथे डायॅन नॅश यांच्या थेट प्रश्नाला उत्तर देताना महापौर बेन वेस्ट यांनी उपाहारकक्षांतील भेदभाव अयोग्य असल्याचे मान्य केले. १० मेपासून सहा दुकानांनी तो बंद केला. चित्रपटगृहे व इतर उपाहारगृहे यांसाठी मात्र पुढेही आंदोलने करावी लागली. सार्वजनिक सेवास्थळांतील वांशिक भेदभावास देशभर बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४ मध्ये झाला.

महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी झालेल्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाशी या आंदोलनाचे साम्य आहे. दोन्ही ठिकाणी नाकारलेला हक्क मागत न बसता तो प्रत्यक्ष बजावण्यात आला आणि हल्ले होऊनही संयम पाळण्यात आला. महाडचे तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच अस्पृश्यांना खुले केले होते. तथापि तो हक्क न्यायालयात कायम होण्यास १९३७ साल उजाडले. नॅशव्हिल येथे दुकानांचा व्यवहार कृष्णवर्णीय ग्राहकांवरही अवलंबून असल्याने बहिष्काराचा परिणाम लवकर दिसला. महाड परिसरातील अस्पृश्यांची उपजीविका सवर्णांवर अवलंबून असल्यामुळे तेथे बहिष्काराचे शस्त्र उलट त्यांच्याविरुद्धच वापरले गेले. केवळ सत्याग्रहींच्या शिस्तीवर नव्हे, तर आर्थिक बळाच्या वाटणीवरही अशा लढ्यांचे यश अवलंबून असते, हे या तुलनेवरून दिसून येते.