काट्यावरचे वजन आणि अंगातला उतारा



उसाची गाडी काट्यावर चढली की आपली नजर आकड्यावरून हलत नाही. पण स्वतःचे वजन शेवटचे कधी केले, आठवते का?

नुसत्या वजनानेही भागत नाही. टनेज सारखे असले तरी दोन उसांचा उतारा वेगळा निघतो, तसेच हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! वरून सडपातळ, आतून चरबी, ही आपली गत. मधुमेहाला वाट मिळते ती इथूनच.

म्हणून टेपने कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रियांची ८० च्या आत हवी. वयाबरोबर स्नायू झडतात. तेव्हा मोटारसायकल घरी ठेवून मळ्यात पायी जा, झेपेल तेवढे ओझे उचला, ताटात डाळ-उसळ वाढवा. साखर आपण पिकवतो खरी, पण चहात निम्मीच टाका. आणि काही न करता वजन उतरू लागले तर खूश होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मनमाडला बाजाराला गेलात की सरकारी दवाखान्यात रक्तातली साखरही तपासून या.

उसाचा उतारा वाढावा, चरबीचा नको!