वांगे दारात अडले, तेल आत आले

चातुर्मासात ज्या घरांतून वांगे वर्ज्य असते, तिथे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ते पुन्हा ताटात येते. इतके घरगुती असलेले हे वांगे २०१० च्या जानेवारीत थेट केंद्रीय मंत्र्यांपुढे सुनावणीला उभे राहिले. निमित्त होते बीटी वांग्याचे. जालन्याच्या महिको कंपनीने ते विकसित केले होते आणि १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने त्याला हिरवा कंदीलही दाखवला होता. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र लगेच सही न करता सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांत आपले नागपूरही होते. सुमारे आठ हजार लोक आले, भरपूर बोलले, भांडलेसुद्धा. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. ती अजून उठलेली नाही.

या वांग्यात असे होते तरी काय? मातीत एक जिवाणू असतो, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. 'बीटी' ही त्याचीच आद्याक्षरे. त्याचे एक प्रथिन विशिष्ट अळ्यांना मारक ठरते. ते प्रथिन बनवणारे जनुक वांग्याच्या रोपात घातले, की शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ते खाऊन मरते. फवारणी कमी लागते.

इथे कोणतीही गृहिणी विचारणारच, की जे खाऊन अळी मरते, ते खाऊन माझ्या मुलाला काही होणार नाही कशावरून? मला हा प्रश्न मुळीच अडाणीपणाचा वाटत नाही. त्याला उत्तर आहे. अळीचे आतडे अल्कधर्मी असते, तिथे हे प्रथिन जागे होते आणि आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांना भोके पाडते. आपल्या पोटात आम्ल असते, शिवाय ते प्रथिन जिथे चिकटते ती जागाच आपल्या पेशींवर नसते. म्हणून अळीचे विष ते माणसाचे विष, असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

पण म्हणून साऱ्याच शंका खुळचट ठरत नाहीत. अमेरिकेत एका बियाणे कंपनीने सोयाबीनचा पौष्टिकपणा वाढावा म्हणून त्यात ब्राझील नट या फळाचे जनुक घातले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसले, की ज्यांना त्या फळाची ॲलर्जी आहे त्यांना हे सोयाबीनही बाधू शकते. ते बाजारात कधी आलेच नाही. २००० साली मात्र तिथेच स्टारलिंक नावाचा मका, जो फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर होता, माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला आणि दुकानांतून माल परत मागवावा लागला. पहिल्या वेळी तपासणीने काम केले, दुसऱ्या वेळी गोदामे आणि गिरण्यांच्या गोंधळाने ते बिघडवले. तिकडच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये नऊशेहून अधिक अभ्यास चाळून सांगितले, की बाजारातल्या अशा पिकांपासून आरोग्याला नेहमीच्या पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा नाही. हा निष्कर्ष मी मानते. मात्र तो आजवर बाजारात आलेल्या पिकांचा आहे. उद्या येणाऱ्या प्रत्येक पिकाची स्वतंत्र तपासणी व्हायलाच हवी.

ती करायची कुणी? बीटी वांग्याच्या चाचण्यांचा खर्च कंपनीचा होता आणि उंदरांवरची मुख्य चाचणी ९० दिवसांची होती. स्वतःच्या मुलीचे स्थळ सुचवताना बाप तिचे गुणच सांगणार, खोटे बोलत नसला तरी! सुनावण्यांतला राग मला वाटते मुख्यतः या गोष्टीचा होता.

आता गंमत पाहा. वांगे असे दारात अडवले, तेव्हा बीटी कापसाला परवानगी मिळून आठ वर्षे झाली होती. २००२ साली तो आला आणि आज देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी आहे. कापूस कोण खातो, असे आपण म्हणतो. पण सरकीचे तेल निघते, ते तळणीत आणि फरसाणात जाते, आणि पेंड विदर्भ-खानदेशातल्या म्हशींच्या आंबोणात जाते. परदेशातून येणाऱ्या सोयाबीन तेलातही अशा पिकांचे तेल पुष्कळ. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, हे खरे. त्यामुळे घाबरायचे कारण दिसत नाही. पण कुणी विचारले होते का? जनुकीय बदल केलेल्या अन्नाच्या पाकिटावर 'जीएम' ही अक्षरे छापावीत, असा नियम २०१३ च्या जानेवारीत लागू झाला. मी तेव्हापासून घरात येणाऱ्या तेलाच्या पिशव्या उलटसुलट करून पाहते. एकदाही ती अक्षरे दिसलेली नाहीत.

मंडईतल्या आमच्या भाजीवाल्या मावशींना मी मागे बीटी वांग्याची सगळी कथा सांगितली. त्या म्हणाल्या, "ताई, किडकं नगं म्हणता, फवारलेलं बी नगं म्हणता. मग तुमास्नी द्यावं तरी कोन्तं?" त्यांचा मुद्दा मला टाळता येत नाही. टपोरे, बिनकिडके वांगे आपण निवडून घेतो, त्यामागे किती फवारण्या असतात हे विचारत नाही. बांगलादेशाने २०१३ मध्ये बीटी वांग्याला मंजुरी दिली आणि पुढच्या वर्षी लागवड सुरू केली, तीही फवारणी कमी व्हावी म्हणूनच. उलट आपल्याकडे बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी सरावली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ते कापूस खात नव्हते, पिकवत होते. आरोग्याची चर्चा ताटापाशीच थांबते, तेव्हा ही माणसे तिच्यात येत नाहीत, हे मला खटकते.

सध्या पाळी मोहरीची आहे. जनुकीय बदल केलेल्या मोहरीवर २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. अशा पिकांबाबत केंद्राने सर्वांशी बोलून राष्ट्रीय धोरण आखावे, यावर मात्र दोघेही सहमत होते. आपल्याकडे मोहरी फोडणीपुरती, उत्तरेत तिच्यात सगळा स्वयंपाक होतो. धोरण ठरेल तेव्हा तेलाच्या पिशवीवरच्या त्या दोन अक्षरांचा निकालही त्यात लागावा, एवढे मी त्यांना कळवणार आहे. साध्या पोस्टाने.