गाडीचे महाग चाक : खर्च केव्हा भरून येतो?

अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) ऊस आणि गाडी यांची सांगड जुनी आहे. भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झाले व प्रवरेच्या कालव्यांखाली उसाचे क्षेत्र वाढत गेले. 1950 साली लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे या भागांतही सहकारी कारखाने उभे राहिले. कारखाना आला म्हणजे ऊस वेळेवर काट्यावर पोचविणे हे काम आलेच. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर वजनाने घटतो व त्यातील साखरही कमी होते. यास्तव गाडी वाटेत अडकली तर नुकसान केवळ गाडीवानाचे होत नाही, उसाच्या मालकाचेही होते.

आज ऊस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून व ट्रकमधून मोठ्या प्रमाणावर जातो. तथापि कारखान्याजवळच्या शिवारात बैलांची टायरगाडी अद्याप चालते. या तिन्ही वाहनांच्या मालकांपुढे हंगामाच्या तोंडावर एकच प्रश्न उभा राहतो : आहे त्या चाकांवर भागवावे, की अधिक पैसे घालून उत्तम प्रतीची चाके बसवावी? ऐपत किंवा हौस पाहून या प्रश्नाचा निर्णय करू नये. चाक कोणते काम वाचविते, याचा हिशेब करूनच निर्णय करावा.

चाकाचे काम

गाडी ओढताना बैलाची शक्ती मुख्यतः दोन ठिकाणी खर्ची पडते. एक, चाक व जमीन यांच्यामध्ये. दुसरे, चाक व आस यांच्यामध्ये. लाकडी चाकाची लोखंडी धाव अरुंद व कठीण असते. काळ्या ओल्या जमिनीत ती रुतते व खोल चाकोरी पाडते. दगडावर आदळली म्हणजे तो हिसका थेट जूवर येतो आणि बैलाचा खांदा सोलवटतो किंवा सुजतो. हवा भरलेला रबरी टायर भार अधिक जागेवर पसरवितो व धक्का स्वतःत सामावून घेतो. आसावर बॉल बेअरिंग असले म्हणजे लोखंडावर लोखंड घासत नाही. मधल्या गोळ्या फिरतात व ओढ हलकी होते.

या दोन सुधारणांचे मोल कायद्यातही दिसते. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधी 1965 साली केंद्र शासनाने जे नियम केले, त्यांत मध्यम आकाराच्या बैलासाठी दुचाकी गाडीचा भार रबरी टायर नसल्यास 700 किलो, रबरी टायर असल्यास 1,050 किलो व बॉल बेअरिंग असल्यास 1,400 किलो असा ठरविला आहे. म्हणजे टायरामुळे भार दीडपट व बेअरिंगमुळे दुप्पट मानला गेला. वाटेत लांब व तीव्र चढ असल्यास हा भार निम्मा धरावा लागतो. तसेच जनावरास दिवसाकाठी 9 तासांहून अधिक व विसाव्यावाचून सलग 5 तासांहून अधिक जुंपू नये, असाही नियम आहे.

यावरून एक बोध घ्यावा. टायर नवा व चकचकीत असला, पण बेअरिंग झिजलेले असेल, तर पैशाचा पुरा मोबदला मिळत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते आधी बेअरिंग, आस व टायर यांवर घालावे. दिखाऊ भागांवर नंतर.

हिशेबाची रीत

पुढील आकडे बाजारभावाचे नाहीत, केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, उत्तम चाकांच्या जोडीस जुन्या कामचलाऊ जोडीपेक्षा 12,000 रुपये अधिक पडतात. चार हंगामांनंतर ती विकून 2,000 रुपये येतील. म्हणजे निव्वळ खर्च 10,000 रुपये. कर्जाचे किंवा अडकलेल्या पैशाचे व्याज चार हंगामांत 2,000 रुपये धरले तर एकूण 12,000, अर्थात दर हंगामास 3,000 रुपये झाले.

आता दुसरी बाजू पाहावी. जुन्या चाकांवर हंगामात पंक्चर व दुरुस्ती यांपायी 1,000 रुपये अधिक जातात व पाच खेपा बुडतात असे समजू. दर खेपेस खर्च वजा जाता 400 रुपये सुटत असतील, तर पाच खेपांचे 2,000 व दुरुस्तीचे 1,000 मिळून 3,000 रुपये होतात. येथे बरोबरी झाली. पाचांहून अधिक खेपा बुडत असतील तर उत्तम चाके घेणे फायद्याचे. दोनच खेपा बुडत असतील तर बचत 1,800 रुपयांचीच होते व दर हंगामास 1,200 रुपये तोटा येतो.

ज्याची गाडी हंगामात थोडेच दिवस चालते, त्याने विशेष सावध राहावे. गाडी उभी राहिली तरी उन्हाने व काळाने रबर तडकतेच. म्हणून काम कमी असले तर टायर त्या प्रमाणात अधिक वर्षे टिकेल, असे गृहीत धरता येत नाही.

बैलाचे सुख या हिशेबात रुपयांनी मांडता येत नाही, पण ते वगळू नये. खांदा सुजलेला बैल चार दिवस बसला तर हंगामाची उचल फिटणे कठीण होते. बैलजोडीची किंमत चाकांच्या किमतीहून पुष्कळ मोठी असते.

दोन धोके

पहिला धोका असा की, गाडी हलकी चालते म्हणून भार वाढविण्याचा मोह होतो. चाकाने केलेली बचत मग बैलाच्या मानेवर उलट पडते. दुसरा धोका उताराचा. बेअरिंगची गाडी उतारावर आपोआप धावते व बैलांच्या अंगावर येते. यास्तव अशा गाडीस चांगला ब्रेक असणे अत्यावश्यक आहे. चाकांवर पैसे घालून ब्रेकास काटकसर करणे घातक होय.

ऊस भरतानाही तोल सांभाळावा. भार मागे गेला तर गाडी उलाळ होते. पुढे आला तर सारे ओझे जूवर पडते. हेच ओझे कमी करण्यासाठी इस्लामपूरजवळील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी 2022 साली जूखाली आधार देणारे एक जादा चाक तयार केले. कल्पना उपयुक्त आहे. तथापि असे चाक घेतानाही आपला रस्ता, खेपा व दुरुस्तीची सोय पाहूनच ठरवावे.

ट्रकमालकांसाठी

ट्रकसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके मिळतात. पोलादी डिस्कपेक्षा अशा एका चाकाचे वजन साधारणतः 10 ते 15 किलो कमी असते. दहा चाकांच्या ट्रकात 100 ते 150 किलो वजन वाचते. अशा ट्रकाचे मालासह मान्य वजन 2018 सालच्या वाढीनंतर सुमारे 28 टन आहे. म्हणजे ही बचत अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. ज्याचा ट्रक वर्षभर लांब पल्ल्यावर, वजनावर भाडे घेऊन व मान्य मर्यादेपर्यंत भरून चालतो, त्यास प्रत्येक खेपेत तेवढा अधिक माल नेता येतो. केवळ हंगामी ऊस किंवा कांदा वाहणाऱ्यास हा खर्च भरून येणे अवघड असते.

शिवाय 20 इंची ट्यूबच्या टायरावर चालणाऱ्या ट्रकास 22.5 इंची ट्यूबलेस प्रकारची मिश्रधातूची चाके घ्यावयाची तर टायरही बदलावे लागतात. मिश्रधातूच्या चाकाची तबकडी जाड असते. त्यास योग्य लांबीचे स्टड व योग्य नट हवेत. रुंद व बाहेर येणारी चाके बसविल्यास बेअरिंगवर अधिक ताण पडतो. उत्पादकाने ठरविलेल्या रचनेबाहेरचा बदल मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कोणतेही नवे चाक बसविल्यावर 50 ते 100 किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळावे.

ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी हंगामापूर्वी गाडीवानांस एकत्र बोलावून पुढील तपासणी करवून घ्यावी : चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवावे, ते आवाज न करता मोकळे फिरले पाहिजे, आडवे हलवून पाहावे, खडखड असू नये, टायरास खोल तडे किंवा फुगवटे नसावे, दोन्ही टायरांत हवा सारखी असावी, बेअरिंगमध्ये स्वच्छ वंगण असावे. पुष्कळ वेळा या तपासणीनंतर असे आढळते की, नवीन चाकांची गरज नसून बेअरिंग व वंगण बदलणे पुरेसे आहे. जेथे तेवढ्याने भागत नाही, तेथे वर दाखविल्याप्रमाणे खेपांचा हिशेब कागदावर मांडावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी.