कुरळ्या केसांची हरवलेली विद्या

माणसाचा केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जखडलेल्या असतात. केस सरळ येणार, नागमोडी येणार की घट्ट वेटोळी घेत येणार, हे त्वचेतील केशकूपाच्या आकारावरून ठरते आणि ते रूप टिकवून धरण्याचे काम हे बंध करतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलेले ‘रिलॅक्सर’ हे रसायन नेमका याच बंधांवर घाला घालते. त्याच्या जुन्या प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो, तर सौम्य म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन कार्बोनेट ऐनवेळी एकत्र कालवले जातात. या मिश्रणांचा सामू, म्हणजे पदार्थ आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा, १२ च्या वर जातो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. इतक्या तीव्र अल्कात केस फुगतो, त्याच्या पृष्ठभागावरील खवले उघडतात, दोन गंधक-अणूंच्या बंधातील एक अणू निघून जातो आणि उरलेला बंध कधीच पूर्वस्थितीला येत नाही. महाराष्ट्रातील पार्लरमध्ये ‘रिबॉन्डिंग’ या नावाने होणारी प्रक्रिया याहून वेगळी असते, कारण तिच्यात थायोग्लायकोलेट हे रसायन बंध तोडते आणि दुसऱ्या द्रावणाने ते नव्या जागी पुन्हा जोडले जातात. परंतु दोन्हींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे मुळातून नवा येणारा केस पूर्वीसारखा कुरळाच येतो. त्यामुळे रिलॅक्सर एकदा लावून भागत नाही आणि दर ८ ते १२ आठवड्यांनी नव्या वाढीवर तो पुन्हा चढवावा लागतो.

हे रसायन स्त्रियांच्या डोक्यावर का आले, याचे उत्तर सौंदर्याच्या आवडीनिवडीत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे लागते. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा, वोलोफ, मेंडे अशा समाजांत केशरचना ही प्रतिष्ठेची कला होती; केसांच्या घडणीवरून व्यक्तीचे वय, वैवाहिक स्थिती आणि समाजातील स्थान ओळखता येई आणि घट्ट कुरळे केस विंचरण्यासाठी लांब, विरळ दातांच्या लाकडी फण्या वापरात होत्या. गुलाम म्हणून अटलांटिकपलीकडे नेताना अनेकांची डोकी भादरली गेली आणि फण्या, तेले, वनस्पतींचे लेप व मुख्य म्हणजे केसांसाठी द्यायचा वेळ, हे सारे मागे राहिले. मळ्यांवर रविवारची थोडी उसंत मिळाली, तर मेंढीची लोकर विंचरण्याच्या अवजाराने केस सोडवणे आणि हाताशी येईल ती चरबी किंवा रॉकेल डोक्याला लावणे, अशी पाळी या स्त्रियांवर आल्याच्या नोंदी आहेत. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालील लुईझियानाचे गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी तर स्वतंत्र कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय स्त्रियांनी आपले केस फडक्याखाली बांधावेत, असा हुकूमच काढला. ज्या केसांची निगा राखण्याची साधने हिरावून घेतली, त्याच केसांना पुढे ‘वाईट केस’ ठरवण्यात आले आणि सरळ केस तेवढे ‘चांगले’ मानले गेले. या अन्यायाचा सर्वांत खोल घाव हाच होता, कारण साधनांच्या अभावाचा दोष मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या केसांना दिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी मादाम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) आणि ॲनी मलोन या कृष्णवर्णीय उद्योजिकांनी टाळूच्या निगेची मलमे विकून हजारो स्त्रियांना स्वतंत्र रोजगार मिळवून दिला आणि त्याच काळात तापवलेल्या धातूच्या कंगव्याने केस सरळ करण्याची रीत घरोघरी पोहोचली. पुढे रहदारीचा सिग्नल आणि धुरापासून बचावाचा मुखवटा यांसाठी प्रसिद्ध झालेले क्लीव्हलंडचे संशोधक गॅरेट मॉर्गन यांनी केस सरळ करणारे रासायनिक मलम बाजारात आणले, तर १९५४ मध्ये शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी सुरू केलेली रिलॅक्सरची कंपनी १९७१ मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली कृष्णवर्णीयांच्या मालकीची पहिली कंपनी ठरली. या मंडळींना दोष देऊन मोकळे होणे उचित नाही, कारण सरळ केसांशिवाय कचेरीत नोकरी मिळणे कठीण होते आणि ही उत्पादने त्या बंद दारातून आत जाण्याचा मार्ग होती. १९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या लढ्याबरोबर ‘आफ्रो’, म्हणजे केस न दाबता डोक्याभोवती गोलाकार मोकळे सोडण्याची पद्धत स्वाभिमानाची खूण बनली आणि कृष्णवर्णीय कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांचे आफ्रोतील छायाचित्र जगभर पोहोचले, तरी पुढच्या दोन दशकांत रिलॅक्सरने पुन्हा जम बसवला.

केस नैसर्गिक ठेवण्याची २००० नंतरची चळवळ अधिक टिकाऊ ठरली, याचे कारण तिने घोषणेबरोबर केसांच्या निगेची माहितीही दिली. केस कसे धुवावेत, कशाने मऊ करावेत, कसे विंचरावेत, हे स्त्रियांनी स्वतः करून पाहिले, चित्रफितींतून एकमेकींना दाखवले आणि केशकर्तनालयांच्या अभ्यासक्रमांतही क्वचितच आढळणारे ज्ञान सामूहिकपणे उभे केले. याच काळात आरोग्याविषयीची चिंताही बळावली. रिलॅक्सरमुळे टाळू भाजणे नवे नव्हते. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांच्या सुमारे ११ वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांपैकी १.६४ टक्के स्त्रियांना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा संभव होता, तर वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा ती वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४.०५ टक्के होते. अशा पाहणीतून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवूनही ही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही. महाराष्ट्रात ‘केराटिन’ किंवा ‘स्मूदनिंग’ म्हणून केल्या जाणाऱ्या प्रक्रियांची रसायने वेगळी असली, तरी त्यांतील काहींत फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायॉक्सिलिक आम्ल असते, आणि या आम्लाचा मूत्रपिंडाच्या इजेशी असलेला संबंध फ्रेंच डॉक्टरांनी २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडला आहे.

रिलॅक्सर सोडण्याचे मार्ग दोनच आहेत. पहिला ‘बिग चॉप’, म्हणजे सरळ केलेला सगळा भाग एकदम कापून बोट-दोन बोटे लांबीच्या नव्या केसांपासून सुरुवात करणे. दुसरा, केस वाढू देत जुनी टोके थोडी थोडी छाटत जाणे. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढत असल्याने दुसऱ्या मार्गाला वर्ष-दीड वर्ष सहज लागते आणि त्या काळात कुरळा भाग व सरळ भाग जिथे मिळतात तिथे केस सर्वांत दुबळा असतो. हलक्या ओढीनेही तो त्याच जागी तुटतो. पहिला मार्ग केसांच्या दृष्टीने सोपा आणि मनाच्या दृष्टीने अवघड आहे, हे त्या वाटेने गेलेल्या स्त्रिया सांगतात, कारण आयुष्यात प्रथमच स्वतःचे खरे केस पाहणाऱ्यांची संख्या त्यांत मोठी असते.

या केसांची निगा त्यांच्या घडणीतूनच ठरते. टाळूतून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज ओघळते, परंतु गोल जिन्यासारख्या वळत जाणाऱ्या केसावर ते मुळाशीच अडते. शिवाय प्रत्येक वळण हा तुटण्याचा संभाव्य बिंदू असतो. म्हणून असे केस रोज धुणे हानिकारक असते आणि आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा धुणे पुरेसे मानले जाते. विंचरणे कोरड्या केसांवर कधीच करू नये. केस ओले असताना, भरपूर कंडिशनर लावून, आधी बोटांनी आणि मग विरळ दातांच्या कंगव्याने, टोकांपासून सुरुवात करून मुळांकडे गुंता सोडवत जावे. तेल म्हणजे ओलावा नव्हे, हा या चळवळीने रुजवलेला महत्त्वाचा धडा आहे: ओलावा पाण्यातून येतो, तेल किंवा शियाच्या बियांचे लोणी तो धरून ठेवते, त्यामुळे आधी पाणी आणि मग स्निग्ध पदार्थ हा क्रम मोडून चालत नाही. खोबरेल तेलाचा गुण मात्र याहून निराळा आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले की सूर्यफुलाचे आणि खनिज तेल केसाच्या पृष्ठभागावरच राहते, तर खोबरेलातील लॉरिक आम्लाचा लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरतो आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतो. धुण्यापूर्वी खोबरेल चोपडण्याच्या मराठी घरांतील सवयीला मिळालेला हा आधार आता अटलांटिकपलीकडच्या स्त्रियाही प्रमाण मानतात. रात्री सुती उशीने ओलावा शोषू नये म्हणून सॅटिनची टोपी घालणे आणि बारीक वेण्या किंवा पिळलेल्या बटा घालून टोके झाकून ठेवणे, हेही याच तत्त्वाला धरून आहे. फक्त वेण्या घट्ट ओढल्या, तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात, आणि वेणी घालताना दुखले तर ती सोडावी, हा नियम लहान मुलींच्या बाबतीत विशेष कसोशीने पाळायला हवा.

निगेचे ज्ञान परत मिळाले, तरी कचेरी आणि शाळा यांचे नियम आपोआप बदलत नाहीत. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने टाळूलगतच्या वेण्यांवर बंदी घालणाऱ्या विमान कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण वेणी ही बदलता येण्याजोगी गोष्ट आहे असे न्यायालयाचे मत पडले. अमेरिकी लष्करानेही स्त्रियांच्या जटांवरील बंदी २०१७ पर्यंत कायम ठेवली. ३ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियाने ‘क्राउन’ कायदा करून केसांची नैसर्गिक ठेवण आणि वेण्यांसारख्या रचना यांवरून होणारा भेदभाव वंशभेद ठरवला आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने देशभरासाठीचे विधेयक संमत केले, परंतु ते सिनेटमध्ये अडले. त्यामुळे नोकरदार स्त्रीच्या वेण्यांना मिळणारे कायद्याचे संरक्षण ती कोणत्या राज्यात राहते यावर अवलंबून राहिले.