तीन व्हॉल्व्हांची शाळा

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली लिओ फेंडर यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. पुढे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे म्हणून त्यांचं नाव जगभर झालं, पण त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांना येत होती ती दुरुस्ती. बिघडलेली यंत्रं रोज उघडणाऱ्या माणसाला यंत्र कसं बांधावं हे नीट कळतं, आणि हे त्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं मागचं फळकूट काढलं की लगेच दिसतं. एकही भाग दुसऱ्याखाली दडलेला नाही. प्रत्येक रेझिस्टर, प्रत्येक कॅपॅसिटर पट्टीवर ओळीत बसलेला, मीटरची पिन सहज पोचेल असा.

या घराण्यातला सर्वांत धाकटा म्हणजे ‘चॅम्प’. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातलं त्याचं ‘५एफ१’ हे सर्किट नवशिक्या वादकांसाठी होतं. तीन व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर, एकच नॉब आणि जेमतेम पाच वॉटची ताकद. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० साली ‘लैला’च्या ध्वनिमुद्रणात चॅम्प वापरला आणि या लहानग्याची पत वाढली. पण आज त्याची खरी ओळख वेगळी आहे. घरी पहिला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेणारे जगभरातले असंख्य हौशी लोक याच सर्किटापासून सुरुवात करतात. अशा बांधणीत पहिल्यांदा बटण दाबल्यावर पुष्कळदा नीट आवाज येत नाही. कधी शांतता, कधी घूं, कधी कानठळ्या बसवणारी किंचाळी. माझ्या मते खरं शिक्षण तिथेच सुरू होतं. डाग देणं हातसफाईने जमतं. दोष शोधायला मात्र सर्किट समजावं लागतं, आणि चॅम्पइतकं सरळ समजणारं सर्किट दुसरं नाही.

गिटारचा क्षीण सिग्नल आधी १२एएक्स७ या व्हॉल्व्हमध्ये जातो. त्याच्या एका काचेत दोन ट्रायोड असतात. पहिला सिग्नल वाढवतो, मग व्हॉल्यूमचा नॉब, मग दुसरा ट्रायोड. तिथून तो ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हकडे आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरकडे जातो. ५वाय३ हा तिसरा व्हॉल्व्ह एसीचा डीसी करतो. घरोघरच्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या आवाजाच्या भागाची रचनाही साधारण हीच होती, त्यामुळे आपल्याकडच्या रेडिओ मेकॅनिकांना यातलं काही परकं वाटणार नाही. मूळ सर्किट अमेरिकेतल्या वीजपुरवठ्यासाठी आहे. आपल्याकडे २३० व्होल्टचं प्रायमरी असलेला ट्रान्सफॉर्मरच हवा. जुन्या दोन पिनांच्या वायरीऐवजी तीन पिनांची वायर, चेसिसला पक्कं अर्थिंग आणि फ्यूज, यांत काटकसर नको.

दोष शोधण्याआधी जिवाची काळजी. आत ३४० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटर तो धरून ठेवतात. हात घालण्यापूर्वी दहा हजार ओहमच्या पाच वॉटी रेझिस्टरमधून ते चेसिसवर रिकामे करायचे आणि रिकामे झाल्याची मीटरने खात्री करायची. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना मीटरची काळी पिन क्लिपने चेसिसला अडकवायची, लाल पिन एका हातात, दुसरा हात खिशात. दोन्ही हात आत असले तर करंट छातीतून जातो. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डातून. वायरमनकडे असतो तोच: होल्डरमध्ये साठ वॉटचा जुना, तारेचा बल्ब आणि त्याच्या मालिकेत सॉकेट. इथे एलईडीचा उपयोग नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि हे एकही भाग न जळता कळतं. आणखी एक खबरदारी. ५वाय३ लावून ६व्ही६ सॉकेटबाहेर ठेवला तर लोड नसल्यामुळे व्होल्टेज ४५०च्या वर चढू शकतं, आणि फिल्टर कॅपॅसिटर बहुधा ४५० व्होल्टचेच असतात.

बल्ब मंद झाला की सिरीज बोर्ड बाजूला करून खरी मापं घ्यायची. इथे चॅम्प बोलायला लागतो. ६व्ही६च्या कॅथोडला, म्हणजे आठव्या पिनेला, ४७० ओहमचा रेझिस्टर आहे. त्यावर १९ व्होल्टच्या आसपास दिसले की भागाकार करा: ४० मिलिअँपिअर. व्हॉल्व्ह निरोगी आहे. शून्य दिसलं तर करंट वाहतच नाही. हीटर पेटलाय का, प्लेटवर व्होल्टेज पोचतंय का, ते बघायचं. तीस दिसले तर करंट फार वाहतोय आणि थोड्याच वेळात प्लेट लाल होईल. मग पाचव्या पिनेवर, ग्रिडवर, मोजायचं. तिथे शून्यच हवं. काही व्होल्ट सापडले तर आधीचा कपलिंग कॅपॅसिटर डीसी गळवतोय. एका आकड्यातून दुसरा प्रश्न निघतो आणि दुसऱ्यातून गुन्हेगार. १२एएक्स७चंही असंच. प्लेटच्या एक लाख ओहमच्या रेझिस्टरवर साधारण १०० व्होल्ट पडतात, म्हणजे १ मिलिअँपिअर. प्लेटवर पुरवठ्याइतकंच व्होल्टेज दिसलं तर तो ट्रायोड झोपलेला आहे.

किंचाळीचा दोष सर्वांत घाबरवणारा आणि सर्वांत सोपा. स्पीकरकडून २२ हजार ओहमच्या रेझिस्टरमधून थोडा सिग्नल उलट्या दिशेने मागे दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडवर आणलेला असतो, आवाज स्वच्छ राहावा म्हणून. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वायरी उलट लागल्या तर तो सिग्नल विरोध करण्याऐवजी भर घालतो आणि व्हॉल्व्ह तापताच अ‍ॅम्प ओरडू लागतो. त्या रेझिस्टरचं एक टोक सोडवायचं. किंचाळी थांबली तर प्रायमरीच्या दोन वायरींची अदलाबदल करायची आणि टोक परत जोडायचं.

घूं आवाजाला वादकाचा कान उपयोगी पडतो. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरनंतरची लहर १०० हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ९८ हर्ट्झचा असतो. गुणगुण त्याच्याशी जुळली तर फिल्टर कॅपॅसिटर किंवा अर्थच्या जोडण्या तपासायच्या. एक सप्तक खाली असली तर संशय हीटरच्या वायरींवर. त्या घट्ट पिळलेल्या हव्यात आणि ग्रिडच्या वायरींपासून दूर. मग १२एएक्स७ उपसून बघायचा: गुणगुण गेली तर दोष सुरुवातीच्या टप्प्यांत, राहिली तर पॉवर भागात. एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या रचनेत थोडी गुणगुण शिल्लक राहतेच, तिच्यामागे लागायचं नाही.

पूर्ण शांततेत बहुतेक वेळा सॉकेटच्या पिना उलट मोजलेल्या असतात. त्या खालून बघून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या असतात. वरून मोजल्या की सगळं आरशासारखं उलटतं. नंतर इनपुट जॅकचा संपर्क आणि ड्राय सोल्डर. लाकडी काडीने एकेक डाग हलकेच टोचत जायचं. जिथे खरखर होते, तिथला डाग पुन्हा तापवायचा. १२एएक्स७च्या काचेवर पेन्सिल टिचकवल्यावर स्पीकरमधून घणघण आली तर व्हॉल्व्हच मायक्रोफोनिक झालाय.

या सगळ्यात एक शिस्त आहे: मोजल्याशिवाय भाग बदलायचा नाही. अंदाजाने कॅपॅसिटर बदलणाऱ्याचा अ‍ॅम्प कदाचित सुरू होईल, पण त्याला काय चुकलं होतं ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा अंदाजच करेल. म्हणून अ‍ॅम्प वाजू लागल्यावर सगळ्या पिनांची व्होल्टेजं कागदावर लिहून तो कागद पेटीच्या आत चिकटवावा. फेंडर आपल्या पेट्यांत व्हॉल्व्हांचा तक्ता चिकटवत, त्याच जागी. पुढे काही बिघडलं तर निरोगी अवस्थेतले आकडे समोर असतात.

आणि ही विद्या पाच वॉटांपुरती राहत नाही. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी १९६२ साली फेंडरचाच ‘बेसमन’ समोर ठेवून पहिला मार्शल उभा केला. व्हॉल्व्ह वाढले, ताकद वाढली, पण प्लेटवरचा एक लाख ओहमचा रेझिस्टर तोच आणि स्पीकरकडून परत येणारा सिग्नलही तसाच. चॅम्पमधला दोष स्वतः मोजून शोधलेल्या माणसाला मार्शल उघडून बसायला भीती वाटण्याचं कारण नाही.