पहाटेचा तो लख्ख उजेड उल्केचा की रॉकेटच्या भंगाराचा? असा ओळखा फरक

पहाटे पाचची वेळ. वळसंगच्या शिवारात मोटार सुरू करायला निघालेल्या माणसाची सावली अचानक जमिनीवर उमटते. मान वर करेपर्यंत हिरवट गोळा अक्कलकोटच्या बाजूला विझतो. असं काही दिसलं की ‘पलीकडच्या रानात पडलं’ ही चर्चा गावभर होते. खरंच तसं असतं का?

नेमकं काय दिसतं?
शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. अवकाशातला खडा सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं वातावरणात घुसतो आणि तापून जळतो. पहाटे आपली बाजू पृथ्वीच्या प्रवासाच्या दिशेला असते. धावत्या गाडीच्या पुढच्या काचेवर पाऊस जास्त आदळतो, तशा उल्का पहाटे जास्त दिसतात.

जवळच पडली का?
बहुतेकदा नाही. उल्का साधारण ९० किलोमीटर उंचीवर जळते. हात लांब करून वीत धरा. क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर दिसलेली उल्का सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, म्हणजे थेट हैदराबादवर असू शकते. मात्र दोन-तीन मिनिटांनी गडगडाट ऐकू आला, तर ती बरीच खाली आली होती असं समजा.

रॉकेट कसं ओळखायचं?
२ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी राज्यात अनेकांनी उल्का समजून मोबाइलवर टिपलेला प्रकाश चिनी रॉकेटच्या अवशेषांचा असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत तेव्हा धातूची मोठी कडी सापडली. भंगाराचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो. त्यामुळे ते आडवं, तुकड्यांच्या रांगेत, अर्धा-एक मिनिट सरकताना दिसतं. उल्का बहुधा काही सेकंदांत संपते.

काही सापडलं तर?
२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात खरोखरच अशनी पडल्या होत्या. ताज्या अशनीवर काळं पातळ कवच असतं. असा दगड धुऊ नका, त्याला चुंबक लावू नका. जागेवरच फोटो काढून तहसील कार्यालयाला कळवा. धातूचा तुकडा असेल तर हातही लावू नका, त्यावर विषारी इंधनाचा अंश असू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी मोबाइल शोधण्याआधी मनात सेकंद मोजा. मग वेळ आणि दिशा लिहून ठेवा. उल्का कुठून आली, हे अशाच नोंदींवरून शोधता येतं.