पाच मिलिसेकंद आणि सहा वर्षं

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, पार्क्स गावाबाहेरच्या मेंढ्यांच्या कुरणात ६४ मीटर व्यासाची एक रेडिओ दुर्बीण उभी आहे. २४ जुलै २००१ रोजी ती दक्षिण आकाशातल्या छोट्या मॅगेलनी मेघाच्या आसपास पल्सार शोधत होती. त्या दिवशी तिने एक विलक्षण प्रखर लकेर टिपली. लकेर जेमतेम पाच मिलिसेकंदांची होती. तेव्हा ती कुणाच्या लक्षात आली नाही आणि पुढची जवळजवळ सहा वर्षं नोंदींच्या ढिगात तशीच पडून राहिली.

ती पुढे ज्यांच्या नावाने ओळखली गेली, ते डंकन लोरिमर मूळचे इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनचे. मँचेस्टरला पल्सारांवर पीएच.डी., मग जर्मनीतलं बॉन, पोर्तो रिकोतली अरेसिबो दुर्बीण, परत जॉड्रेल बँक आणि २००६मध्ये अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ. सारं आयुष्य पल्सारांच्या मोजणीत गेलेलं. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा भोवऱ्यासारखा फिरणारा गाभा. त्याचे ठोके नियमित पडतात, म्हणून शोधणारेही नोंदींमध्ये नियमितपणाच शोधतात. एकदाच वाजून गप्प बसणारं काही असलं, तर ते या चाळणीतून निसटतं. लोरिमर यांच्या पत्नी आणि सहकारी मॉरा मॅक्लॉक्लिन यांनी सुटे, एकेकटे ठोके शोधण्याची पद्धत विकसित केली होती. त्याच पद्धतीने त्यांच्या गटाला २००६मध्ये अधूनमधूनच बोलणारे ११ न्यूट्रॉन तारे सापडले होते. मग लोरिमर यांनी डेव्हिड नार्केविक या पदवीच्या विद्यार्थ्याला पार्क्सच्या जुन्या नोंदी या नव्या चाळणीतून काढायला दिल्या.

त्या नोंदींचं स्वरूप समजून घेण्यासारखं आहे. दुर्बिणीला १३ कान होते, म्हणजे आकाशातल्या १३ ठिपक्यांवर एकाच वेळी लक्ष. प्रत्येक कानाचे वारंवारतेचे ९६ पट्टे. दर मिलिसेकंदाला प्रत्येक पट्ट्याची नोंद फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच: आवाज सरासरीपेक्षा वर आहे की खाली. या एक आणि शून्यांच्या रांगोळीत नार्केविकला एक स्वच्छ वाकडी रेघ दिसली. संकेत इतका जोरदार होता की एका कानाची यंत्रणा पार भरून गेली आणि शेजारच्या दोघांनाही तो ऐकू आला.

रेघ वाकडी का? आळंदीहून एकाच वेळी निघालेले वारकरी पंढरपूरला एकाच वेळी पोचत नाहीत, ज्याच्या डोक्यावर ओझं तो मागे पडतो. रेडिओ लहरींचं असंच होतं. वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन भेटले की कमी वारंवारतेच्या लहरी रखडतात. वाट जितकी लांब, तितका रखडाव जास्त. या संकेतात वरच्या आणि खालच्या टोकाच्या लहरींत सेकंदाच्या एकतृतीयांशाहून थोडं जास्तच अंतर पडलं होतं. त्या दिशेला आपल्या आकाशगंगेतले सगळे इलेक्ट्रॉन मोजले, तरी त्या रखडावाचा दहावा हिस्साही भरत नव्हता. म्हणजे हा पाहुणा आकाशगंगेच्या, कदाचित मॅगेलनी मेघांच्याही कितीतरी पलीकडचा. इतक्या दुरून इतका प्रखर दिसायचा, तर सूर्य महिनाभरात जेवढी ऊर्जा ओततो, तेवढी त्याने पाच मिलिसेकंदांत ओतलेली असणार.

लोरिमर यांनी तोच भाग आणखी ९० तास ऐकून पाहिला. काहीच आलं नाही. तरीही २००७च्या शेवटी ‘सायन्स’मध्ये लेख छापून आला. एका घटनेवर सगळा दावा, दुसरी घटना हाती नाही. विज्ञानात यापेक्षा अवघड जागा क्वचितच असते.

पुढची काही वर्षं कसोटीची होती. २०१०-११च्या सुमारास सारा बर्क-स्पोलाओर यांना पार्क्सच्याच नोंदींत १६ वाकड्या रेघा सापडल्या, दिसायला बऱ्याचशा तशाच. पण त्या तेराही कानांत एकदम वाजत होत्या. आकाशातला ठिपका असा सगळीकडून ऐकू येत नाही, म्हणजे आवाज जमिनीवरचा. त्यांना ‘पेरिटॉन’ असं नाव मिळालं. मग लोरिमर यांची रेघही त्याच जातीची असेल, ही शंका उघडपणे मांडली जाऊ लागली. पेरिटॉनांचा उगम २०१५मध्ये सापडला. एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी वेधशाळेतली मायक्रोवेव्ह शेगडी चालू असताना, वेळ संपायच्या आत तिचं दार उघडून पाहिलं. दुर्बिणीने हुबेहूब पेरिटॉन नोंदवला. घाईत जेवण काढणाऱ्या कुणीतरी खगोलशास्त्राला काही वर्षं कोड्यात टाकलं होतं. पण मला इथे शेगडीपेक्षा तो तपास मोलाचा वाटतो. शंका हसण्यावारी न नेता दार उघडून पाहिलं, म्हणूनच खरे संकेत निखळ उरले.

तोवर लोरिमर एकटे राहिले नव्हते. २०१३मध्ये डॅन थॉर्नटन आणि सहकाऱ्यांनी पार्क्सवरूनच आणखी चार स्फोट जाहीर केले. त्यांच्या हिशेबाने सगळ्या आकाशात असे स्फोट दिवसाला दहा हजारांच्या घरात होत असणार. तेव्हापासून या घटनांना ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’ हे नाव रूढ झालं. अरेसिबोने टिपलेला एक स्फोट पुन्हा पुन्हा होतो हे २०१६मध्ये कळलं. २०१७च्या जानेवारीत शमी चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी त्याची नेमकी जागा शोधली. ती जागा ज्या बुटक्या दीर्घिकेत पडते, तिचा पत्ता आणि अंतर सांगणाऱ्या लेखाचे पहिले लेखक होते श्रीहर्ष तेंडुलकर, आता मुंबईच्या टीआयएफआरमध्ये असलेले. हे अंतर अब्जावधी प्रकाशवर्षांचं निघालं. लोरिमर यांचा अंदाज अवाजवी नव्हता, हे आता निर्विवाद झालं.

स्फोट कशाचा, या प्रश्नाकडे जाणारी वाट कुरुंदवाडवरून जाते. तिथे जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांनी १९९३मध्ये डेल फ्रेल यांच्यासोबत अतितीव्र चुंबकीय ताऱ्यांपैकी, म्हणजे मॅग्नेटारांपैकी, एकाचा ठाव शोधायला मदत केली होती. पुढे २०१४मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत लोरिमर यांच्या स्फोटाची कसून उलटतपासणी केली. २८ एप्रिल २०२० रोजी आपल्याच आकाशगंगेतल्या अशाच एका मॅग्नेटारने जबरदस्त रेडिओ ठिणगी सोडली. ती कॅनडाच्या ‘चाइम’ दुर्बिणीने ऐकली, आणि कॅलिफोर्निया व युटामधल्या तीन लहानशा रिसीव्हरांच्या ‘स्टेअर-२’ यंत्रणेनेही. ही दुसरी यंत्रणा उभारणारे विद्यार्थी क्रिस्टोफर बोचेनेक. त्यांच्या गटात कुलकर्णी होते. बादलीएवढा प्रत्येक रिसीव्हर म्हणजे एक धातूची नळी आणि तिच्याभोवती केक भाजायची दोन भांडी!

त्याच वर्षी जाँ-पिएर माकार यांच्या गटाने या स्फोटांचा रखडाव मोजून, दीर्घिकांमधल्या पोकळीत दडलेल्या नेहमीच्या पदार्थाचा हिशेब जुळवला. लेख मे महिन्यात आला आणि जूनमध्ये माकार गेले. या स्फोटांच्या शोधासाठी २०२३चं खगोलशास्त्राचं शॉ पारितोषिक लोरिमर, मॅक्लॉक्लिन आणि मॅथ्यू बेल्स यांना मिळालं.

आता कित्येक स्फोटांना घर आहे, दीर्घिकेचं नाव आहे, अंतर आहे. २४ जुलै २००१चा तो पहिला मात्र पुन्हा वाजलेला नाही. ज्या कानाला तो सर्वांत मोठ्याने ऐकू आला, त्याचा ठिपका पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या निम्मा होता. एवढ्या जागेत दीर्घिका असंख्य आहेत.